हायड्रोजनची सुरुवात कोयलीतून व्हावी

बडोद्याला हायड्रोजन नवा नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, बाजव्याला जीएसएफसीचं खत १९६७ पासून निघू लागलं आणि १९७०च्या दशकात रणोलीला गुजरात अल्कलीज उभी राहिली. या तिन्ही ठिकाणी हायड्रोजन रोज तयार होतो आणि बराचसा तिथेच खपतो. दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंत मराठी घरांमध्ये चौकशी केली, तर या कारखान्यांत नोकरी केलेला कुणी काका, मामा किंवा शेजारी सहज सापडेल. रात्रपाळीला या वायूची काळजी घेतलेली ही माणसं. गळती झाली तर त्याला वास येत नाही, पेटला तर दिवसाउजेडी ज्वाळा दिसत नाही, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलेलं नाही.

देशाच्या हरित हायड्रोजन धोरणाबद्दल, म्हणजे सौर-पवनविजेने पाण्यापासून काढायच्या हायड्रोजनच्या धोरणाबद्दल, मला जे म्हणायचं आहे ते या पट्ट्यात उभं राहून जास्त स्पष्ट दिसतं. धोरण चुकीचं आहे असं मला वाटत नाही. क्रम चुकतो आहे. जिथे हायड्रोजन आजही टनांनी लागतो आणि त्याच्या जागी दुसरं काहीच चालत नाही, तिथे तो आधी स्वच्छ करायचा. बस, स्वयंपाकाचा गॅस आणि परदेशी निर्यात हे सगळं त्यानंतर. आज लोकांपुढे मात्र नेमक्या या नंतरच्याच गोष्टी पहिल्यांदा मांडल्या जातात.

रिफायनरीत हायड्रोजन कशाला लागतो? इंधनातलं गंधक काढायला आणि जड तेल फोडून हलकं करायला. असं जड तेल फोडणारा देशातला पहिला हायड्रोक्रॅकर १९९३ मध्ये कोयलीतच बसला. एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा दर्जाचं पेट्रोल-डिझेल आलं, त्यात गंधकाची मर्यादा दहा लाखांत दहा भागांवर आली, आणि रिफायनऱ्यांची हायड्रोजनची गरज आणखी वाढली. खतात तर हायड्रोजन हाच कच्चा माल. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा अमोनिया होतो. एक टन अमोनियाला सुमारे १७७ किलो हायड्रोजन लागतो. हा सगळा हायड्रोजन आपण प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून काढतो. आठशे-नऊशे अंश तापमानाला निकेलच्या उत्प्रेरकावर वायू आणि वाफ यांची प्रक्रिया होते, आणि एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून बाहेर पडतो. यालाच करडा हायड्रोजन म्हणतात. देशात तो वर्षाला पन्नास-साठ लाख टन लागतो, आणि जवळपास सगळा रिफायनऱ्या आणि खत कारखानेच वापरतात.

आता राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचे आकडे पाहू. केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी त्याला मंजुरी दिली. तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची. उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन, त्यासाठी १२५ गिगावॅट नवी सौर-पवन क्षमता, आणि वर्षाला पाच कोटी टन कार्बन डायऑक्साइडची बचत. या शेवटच्या आकड्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, पण माझ्या मते मिशनचा सगळा अर्थ त्यात आहे. ५० लाख टनांना दहाने गुणलं की पाच कोटी होतात. म्हणजे तयार होणाऱ्या हरित हायड्रोजनच्या प्रत्येक किलोने करड्या हायड्रोजनचा एक किलो हटवला, तरच हा आकडा खरा ठरतो. बसमध्ये, चुलीत किंवा जहाजात घालून परदेशी पाठवून तो इथे खरा ठरत नाही. मिशनच्या स्वतःच्या हिशेबातच कोयली आणि बाजवा गृहीत धरलेले आहेत. जाहिरातीत ते दिसत नाहीत एवढंच.

हरित हायड्रोजन म्हणजे सौर किंवा पवनविजेने पाण्याचं विद्युत अपघटन करून मिळवलेला हायड्रोजन. हे तंत्र फार नवं आहे असा समज आहे, तो रणोलीला गेलं की टिकत नाही. तिथे मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन काढतात, आणि टनभर कॉस्टिकमागे सुमारे २५ किलो हायड्रोजन जोडीने मिळतो. अशा कारखान्यातल्या कुणालाही विचारा, नफातोटा कशावर ठरतो. उत्तर विजेचा दर हेच येईल. पाण्यापासून हायड्रोजन काढतानाही तेच होतं. एका किलोला सुमारे पन्नास ते पंचावन्न युनिट वीज लागते. वीज अडीच रुपयांनी मिळाली तर किलोमागे नुसतं विजेचं बिल १३० रुपये, चार रुपयांनी मिळाली तर दोनशेच्या वर, आणि उद्योगांना लागणाऱ्या नेहमीच्या दराने घेतली तर साडेतीनशेच्या पुढे. यंत्र, पाणी, माणसं, कर्जाचं व्याज हे सगळं त्याच्यावर.

हा धडा आपल्या देशाने एकदा घेतलेला आहे. पंजाबात नांगलला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जो खत कारखाना चालू झाला, तो भाक्रा धरणाच्या जलविद्युतेवर पाण्याचं अपघटन करूनच हायड्रोजन मिळवत असे. त्या हायड्रोजनचा अमोनिया आणि अमोनियाचं खत. आज ज्याला हरित अमोनिया म्हणतात तो आपण साठ वर्षांपूर्वी शेतात टाकत होतो. मग काय झालं? गावं उजळू लागली, शेतीपंप वाढले, कारखाने आले, त्याच विजेला दहा गिऱ्हाइकं झाली. कारखान्याची प्रक्रिया पुढे तेलाकडे वळली. नांगलचं अपघटन तंत्र नादुरुस्त नव्हतं. विजेच्या स्पर्धेत ते मागे पडलं. २०३० च्या भारतात विजेची स्पर्धा १९६५ पेक्षा कितीतरी मोठी असणार आहे. एअर कंडिशनर, विजेवरच्या गाड्या, डेटा सेंटर, मेट्रो, सगळेच त्या विजेवर हक्क सांगणार. मिशनचे ५० लाख टन गाठायचे तर सुमारे २६० अब्ज युनिट वीज लागेल. आज देशात सगळी मिळून वर्षाला साधारण १,८०० अब्ज युनिट वीज तयार होते. म्हणजे सातवा हिस्सा. इतकी वीज एका कामाला द्यायची तर त्या कामाची निवड फार काटेकोर असायला हवी.

आणि ही वीज खरोखर स्वच्छ आहे का, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. भारताच्या ग्रिडमधली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाची आहे. ग्रिडच्या एका सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या विजेने हायड्रोजन केला तर किलोमागे ३६-३७ किलो उत्सर्जन होईल, म्हणजे नैसर्गिक वायूपासून केलेल्या करड्या हायड्रोजनच्या जवळपास चौपट. सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनसाठी जी मर्यादा जाहीर केली ती किलोमागे दोन किलोची आहे, आणि ती चांगली कडक आहे. पण ती मोजायची बारा महिन्यांच्या सरासरीवर. शिवाय फेब्रुवारी २०२२ च्या धोरणात वीज तीस दिवसांपर्यंत बँकेत ठेवण्याची मुभा आहे. म्हणजे दुपारी सौर वीज ग्रिडला द्यायची, आणि रात्री तितकीच वीज ग्रिडकडून घेऊन इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाण्याचं अपघटन करणारं यंत्र, चालू ठेवायचा. कागदावर दोन्ही बाजू जुळतात. प्रत्यक्षात रात्री अकरा वाजता जी वीज येते ती कोळशाच्या भट्टीतून येते.

दोन किलोच्या मर्यादेला ३६-३७ ने भागून पाहिलं की लक्षात येतं, शंभरातली पाच-सहा युनिटं जरी सरासरी ग्रिडची असली, तरी मर्यादा संपते. म्हणून हिशेब तासाचा तासाला व्हायला हवा: ज्या तासात हायड्रोजन तयार झाला त्याच तासात तेवढी सौर किंवा पवनवीज तयार झाली होती का? युरोपीय संघाने आपल्या नियमांत २०३० पासून तासाचा हिशेब सक्तीचा केला आहे, तोपर्यंत महिन्याचा. आपण हा नियम युरोपला माल विकायचा म्हणून पाळू नये, आपली हवा आपल्याला हवी म्हणून पाळावा. गुजरातला तो सगळ्यांत आधी जमेल. कच्छ आणि सौराष्ट्रात दुपारचं ऊन आणि संध्याकाळनंतरचा वारा एकाच राज्यात मिळतो. खावड्याला तीस गिगावॅटचं सौर-पवन संकुल उभं राहत आहे. सौर विजेचा दर गुजरातमध्येच डिसेंबर २०२० च्या लिलावात एक रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला होता. पण नुसत्या सौर विजेवर इलेक्ट्रोलायझर दिवसाचे सहा-सात तासच पूर्ण चालतो, आणि कोट्यवधींचं यंत्र उरलेला दिवस रिकामं राहतं. वारा आणि साठवण जोडली तरच ते गणित सुधारतं. असं जोडलेलं मिश्रण महाग पडतं, हे मान्य करायला हवं. स्वस्त आणि खोटा हरित हायड्रोजन त्यापेक्षा महाग पडेल, कारण त्यावर अनुदान देऊनही उत्सर्जन वाढेल.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. बावन्न युनिट स्वच्छ वीज हातात असेल तर तिचे दोन उपयोग करता येतात. तिच्यातून एक किलो हायड्रोजन काढून करडा हायड्रोजन हटवला तर नऊ-दहा किलो कार्बन वाचतो. तीच वीज ग्रिडला दिली आणि तेवढी कोळशाची वीज बंद केली, तर पन्नास किलोच्या आसपास वाचतो. पाचपट. मग आधी कोळसा हटवा आणि हायड्रोजन नंतर पाहू, असं का म्हणू नये?

या हिशेबात चूक नाही. तरीही मिशन हवं, असं मला तीन कारणांनी वाटतं. दुपारच्या उन्हात सौर वीज इतकी होते की पारेषणाच्या तारा अपुऱ्या पडून काही ठिकाणी प्रकल्पांना उत्पादन कमी करायला सांगावं लागतं. त्या तासांतली वीज कोळसा हटवत नाही, ती वायाच जाते. दुसरं, वायू. आपल्या नैसर्गिक वायूतला निम्म्याच्या आसपास हिस्सा परदेशातून द्रवरूपात येतो, आणि देशात वायूचा सगळ्यांत मोठा ग्राहक खत उद्योग आहे. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर आयात अमोनियाचा भाव टनाला हजार डॉलरच्या वर गेला होता. ज्या देशाचं धान्य खतावर उभं आहे, त्याने हा धोका कायमचा पत्करू नये. आणि तिसरं, ग्रिड शंभर टक्के स्वच्छ झाल्यावरही अमोनियाला हायड्रोजन लागणारच आहे. तो कसा करायचा, यंत्रं कशी टिकवायची, बिघाड कसे सोडवायचे, हे शिकायला दहा-पंधरा वर्षं लागतात. ती आता सुरू केली नाहीत तर २०४० मध्ये आपण पुन्हा यंत्रं आयात करत बसू.

पण ही तिन्ही कारणं नेमकी कोणत्या वापराकडे बोट दाखवतात? खत आणि रिफायनरीकडे. त्या पाचपट तोट्यामुळेच बाकीच्या वापरांना उभं राहायला जागा नाही.

बसचं पाहा. मार्च २०२५ मध्ये केंद्राने हायड्रोजनवरच्या ३७ बस-ट्रक आणि नऊ भरणकेंद्रांच्या पाच पथदर्शी प्रकल्पांना सुमारे २०८ कोटी रुपये मंजूर केले. दहा मार्गांत आपला अहमदाबाद-बडोदा-सुरत मार्गही आहे. हायड्रोजनच्या बसला शंभर किलोमीटरला आठ-नऊ किलो वायू लागतो. तो तयार करायला आणि दाबून भरायला साडेचारशे युनिटांच्या वर वीज गेली. बॅटरीवरची तेवढीच बस शंभर ते दीडशे युनिटांत तेच अंतर कापते. शहरातल्या आणि दोन शहरांमधल्या बससाठी हा प्रश्न सुटलेला आहे. लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकांबाबत वाद शिल्लक आहे, तेवढ्यासाठी प्रयोग करायला माझी हरकत नाही. ३७ गाड्यांमधून काही शिकता येईल. पण प्रयोगाचं छायाचित्र धोरणाच्या पहिल्या पानावर आलं की लोकांना वाटतं हेच मुख्य काम. रेल्वेच्या बाबतीत तर मुद्दाच उरत नाही. आपल्या ब्रॉडगेज मार्गांचं विद्युतीकरण जवळपास पूर्ण झालं आहे.

पाइपच्या गॅसमध्ये हायड्रोजन मिसळण्याची कल्पना मला याहूनही चिंताजनक वाटते, कारण ती थेट घरात येते. सुरतजवळ कवासला एनटीपीसीच्या वसाहतीत जानेवारी २०२३ पासून पाइपच्या गॅसमध्ये हायड्रोजन मिसळण्याचा प्रयोग झाला. प्रयोग म्हणून तो काळजीपूर्वक केलेला आहे. पण आकारमानाने पाहिलं तर हायड्रोजनमध्ये नैसर्गिक वायूच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच उष्णता असते. म्हणून पाच टक्के मिसळला तर कार्बनची बचत दीड टक्क्याच्या आसपास. वीस टक्के मिसळला तरी सात टक्के. बडोद्यात नळाचा गॅस १९७०च्या दशकापासून आहे, कितीतरी वाड्यांमधल्या नळ्या आणि जोड त्या काळातल्या आहेत. सगळ्यांत लहान रेणूचा वायू त्यांच्यातून सोडायचा, आणि मिळणार दीड टक्का. त्यापेक्षा त्याच घरात विजेची शेगडी द्या. गळालेला हायड्रोजनही निरुपद्रवी नाही. तो हवेत मिथेनचं आयुष्य वाढवतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा तापवण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या दहापटीहून जास्त मानला जातो.

निर्यातीबद्दल थोडक्यात. कांडला, पारादीप आणि तुतिकोरीन बंदरांतून हरित अमोनिया जपान-युरोपला जाईल, असं चित्र रंगवलं जातं. परकीय चलन मिळेल हे खरं. पण त्याच वेळी आपण पारादीपसारख्या बंदरांतच करडा अमोनिया आयात करत असू, हे मला पटत नाही. आपल्याला वर्षाला वीस लाख टनांहून अधिक अमोनिया बाहेरून आणावा लागतो. आधी तो थांबवावा.

तो थांबवायची सुरुवात झालेली आहे, आणि मिशनमधलं सर्वांत चांगलं काम मला हेच वाटतं. सौर ऊर्जा महामंडळाने २०२५ मध्ये खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचे लिलाव घेतले. पहिल्याच लिलावात पारादीपच्या कारखान्यासाठी किलोला ५५ रुपये ७५ पैसे दर आला, दहा वर्षांसाठी ठरलेला. करड्या अमोनियापेक्षा तो महाग आहे, पण २०२२ च्या आयातीच्या उच्चांकापेक्षा कमी आहे. आणि दहा वर्षं तो युद्धावर, डॉलरवर किंवा समुद्रातल्या वाटांवर हलणार नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे मोठं आहे.

मात्र खतात एक अडचण आहे, आणि ती लपवून चालणार नाही. युरियाला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो. आज तो वायूच्या प्रक्रियेतूनच आयता मिळतो. अमोनिया हरित केला की तो आयता कार्बन संपतो, मग दुसऱ्या कुठल्या धुराड्यातून तो पकडून आणावा लागेल. म्हणून पहिली पाळी डीएपी, मिश्र खतं आणि अमोनियम सल्फेटची. तिथे कार्बन लागत नाही. देशात ४५ किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला कराआधी २४२ रुपयांना मिळते आणि उरलेला मोठा खर्च सरकार उचलतं, त्यामुळे युरियात महाग हायड्रोजन घालणं म्हणजे अनुदानाचा डोंगर आणखी उंच करणं. ते काम नंतरचं.

पाण्याची भीती फार दाखवली जाते, तिचं मोजमाप करायला हवं. शुद्धीकरण आणि थंडावा धरून किलोमागे वीस लिटर पाणी धरलं, तर ५० लाख टनांना वर्षाला दहा हजार कोटी लिटर होतं. माणशी दिवसाला १३५ लिटरच्या सरकारी मापाने वीस लाख वस्तीच्या शहराला, म्हणजे बडोद्याएवढ्या गावाला, वर्षाला लागणारं पाणीही साधारण तेवढंच. देशाच्या मानाने ते फार नाही. पण कच्छमध्ये एका जागी ते मागितलं तर तिथल्या लोकांसाठी ते फारच आहे. महिसागर आणि नर्मदेच्या कालव्याजवळच्या या पट्ट्यात प्रश्न थोडा सोपा होतो, आणि नदीच्या पाण्याला हात न लावता शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी या कामी वापरता येईल. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकात आजव्याचं तळं बांधलं ते लोकांच्या पिण्यासाठी. उद्योगाने त्या पाण्याकडे पाहू नये, एवढी अट इथल्या माणसाने घालायला हरकत नाही.

रोजगाराचं म्हणाल तर, मिशनने सहा लाख नोकऱ्या सांगितल्या आहेत. तो आकडा मला तपासता येत नाही, पण बडोद्याला काय मिळू शकतं हे दिसतं. इलेक्ट्रोलायझरला प्रचंड मोठे रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मर लागतात, आणि मकरपुरा, मांजलपूर, माणेजा, सावली हा सगळा पट्टा विजेच्या अवजड सामानाचा आहे. मकरपुऱ्यात १९७४ पासून विजेच्या सामानाची चाचणी करणारी ‘एर्डा’ ही प्रयोगशाळा आहे. इलेक्ट्रोलायझर बनवण्यासाठी मिशनमध्ये ४,४४० कोटी रुपये राखून ठेवले आहेत आणि वर्षाला तीन हजार मेगावॅट क्षमतेची वाटणीही झाली आहे. पण बाहेरून आणलेले भाग इथे जोडणं आणि इथे बनवणं यांत फरक आहे. पडदे, उत्प्रेरक, इलेक्ट्रोडवरचे लेप यांवर संशोधन नसेल तर जोडणीच उरते, आणि संशोधनाला मिशनमध्ये फक्त ४०० कोटी आहेत. १९,७४४ कोटींत ४०० कोटी. हे प्रमाण बदललं पाहिजे. १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन निघालं तेव्हा त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्राचे होते, आणि रंगकाम, यंत्रकाम ही विद्या तिथे कामगाराच्या मुलाला शिकवली जात होती. आज त्याच संस्थेची परंपरा सांगणाऱ्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत आणि गोरव्याच्या आयटीआयमध्ये उच्च दाबाच्या हायड्रोजनची जोडणी, गळती शोधणं, सुरक्षित देखभाल यांचे अभ्यासक्रम हवेत. रिफायनरीतून निवृत्त झालेली अनुभवी माणसं याच गावात आहेत. शिकवायला त्यांच्याइतकं योग्य कुणी नाही.

आता पैशाचा मुद्दा. पानिपत रिफायनरीसाठी वर्षाला १०,००० टनांच्या प्रकल्पाचा दर २०२५ मध्ये किलोला चारशे रुपयांच्या आसपास आला. वायूपासूनचा हायड्रोजन दीडशे ते दोनशेला पडतो. हा फरक कोण भरणार? मिशनमधून उत्पादकाला पहिल्या वर्षी किलोला जास्तीत जास्त ५०, दुसऱ्या वर्षी ४० आणि तिसऱ्या वर्षी ३० रुपये मिळतात. दोनशेच्या खड्ड्यात पन्नास टाकून तो भरत नाही, आणि तीन वर्षांनी तेही संपतात. त्यामुळे उत्पादक ग्राहकाची वाट पाहतो आणि ग्राहक दर उतरण्याची. जाहीर झालेल्या प्रकल्पांचे आकडे मोठे आणि उभ्या राहिलेल्या प्रकल्पांचे लहान, याचं कारण इथे आहे.

उपाय मिशनच्या कागदातच लिहिलेला आहे: ठरावीक उद्योगांनी आपल्या वापरातला किमान वाटा हरित हायड्रोजनचा ठेवावा, अशी सक्ती. ती टाळू नये. लोकांना वाटेल पेट्रोल महागेल. हिशेब करून पाहू. देशातल्या रिफायनऱ्या वर्षाला सुमारे २५ कोटी टन कच्चं तेल शुद्ध करतात आणि त्यासाठी २५ लाख टनांच्या आसपास हायड्रोजन वापरतात. म्हणजे एका टनाला दहा किलो. त्यातला दहावा हिस्सा, एक किलो, हरित केला तर टनामागे दोनशे ते अडीचशे रुपये जास्त लागतील. एका टनात साधारण १,२०० लिटर. लिटरमागे वीस पैसे. कच्च्या तेलाचे भाव त्याहून जास्त वरखाली होत असतात. वीस पैशांत देशाच्या रिफायनऱ्यांकडून अडीच लाख टनांची पक्की मागणी उभी राहते, तिजोरीवर बोजा न टाकता.

कोयलीसाठी २०३० चा वाटा दहा टक्के धरावा, विजेचा हिशेब तासाचा तासाला ठेवावा आणि तो लोकांना पाहता येईल असा जाहीर करावा. विस्तार पूर्ण झाल्यावर या रिफायनरीची क्षमता वर्षाला १ कोटी ८० लाख टन होणार आहे. वरच्याच मापाने तिचा दहावा हिस्सा १८,००० टन हायड्रोजन होतो. या सक्तीची अधिसूचना २०२७ च्या आत निघाली तर खावड्याकडच्या वीज प्रकल्पांना आणि सावलीतल्या कारखान्यांना कर्ज देणाऱ्या बँकांना माल घेणारा कोण, किती आणि कधीपासून, हे समोर दिसेल.